पंचफुलामावशीला पिक्चर सांगताना

पंचफुलामावशी पिक्चर पाहत नसे, ऐकत असे. तिच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू होता. डावा डोळा पूर्ण गेला होता आणि उजव्याला उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. तिचा मुलगा मिलिंद राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला आहे. आईला एकटीला करमावं म्हणून त्याने मोठा टीव्ही आणला आणि भिंतीवर लावून दिला. गावातल्या बायका हसल्या, दिसत नाही तर तिला टीव्ही कायले, म्हणाल्या. मावशीच्या कानावर ते गेलं. ती म्हणाली, त्याच्या हातात होतं ते त्यानं केलं, आता पाहणारं माणूस मी शोधते.

तिला सापडलेलं माणूस म्हणजे मी.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत आहे. मी तिथे पोरांची खिचडी शिजवते. मावशीचं घर शाळेच्या कुंपणाला लागूनच. दुपारी भांडी घासून झाली की मी तिच्या दारातल्या नळावर हातपाय धुवायची. एक दिवस तिने आतूनच विचारलं की रोज पाण्याचा आवाज येतो पण माणसाचा येत नाही, कोण आहे तिथे? मी नाव सांगितलं. इतक्या हळू सांगितलं की तिला आणखी दोनदा विचारावं लागलं. मग म्हणाली, आत ये आणि टीव्हीत कोण कोणाला मारतंय ते सांग.

मला बोलायची सवय नव्हती. माहेरच्या शाळेत चौथीपर्यंत गुरुजी प्रश्न विचारायचे. त्यानंतर मला कोणी काही विचारलंच नव्हतं. स्वयंपाक झाला का, एवढं विचारत, आणि त्याला मान हलवली तरी चालतं. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच राहतो. त्या दिवशी मी दाराजवळ बसले, टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाले की मारामारी चालू आहे.

"ते मले ऐकू येते," मावशी म्हणाली. "पहिले कोण कोठी उभं हाय ते सांग."

दर वेळी ती इथूनच सुरू करायची. तीस वर्षं ती कापूस वेचणाऱ्या बायकांची मुकादम होती. सकाळी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहून कोणती बाई कापसाच्या कोणत्या तासाला, म्हणजे ओळीला लागली हे ती एकदाच पाहायची, आणि मग दिवसभर मान वर न करता कोण कुठपर्यंत आलं ते सांगायची. डोळे गेले तरी ही सवय गेली नव्हती. टीव्हीतल्या माणसांनाही ती आधी ज्याच्या त्याच्या तासाला लावून घ्यायची.

ती बाजेवर मांडी घालून बसे. पुढ्यात सूप, सुपात कापूस. मी सांगत असायची आणि ती बोटांनी सरकी वेगळी करत असायची. हात सारखा चालू. तो हात थांबला की मला कळायचं, कुठेतरी गडबड झाली. मग विचारायची, "काहून?"

दुपारी त्या टीव्हीवर मारामारीचे पिक्चर लागत. माणसं तिकडची, दक्षिणेकडची, बोलणं हिंदीत. गाणं आलं की मावशी म्हणायची, चहा ठेव. गाण्यात कोणाचं काही बिघडत नाही की सुधरत नाही, तेवढ्यात चहा होऊन जाते, असा तिचा हिशोब होता. काळा चहा, गुळाचा, बशीतून. आणि मारामारी सुरू झाली की आवाज कमी करायला लावायची. ढिशुम ढिशुम सगळ्यांचं सारखंच असतं, मारायच्या आधी काय झालं ते सांग, म्हणायची.

एक मारामारी मला अजून जशीच्या तशी आठवते, कारण टीव्हीवर ती दहा मिनिटांत संपली आणि आम्हाला तिला दोन दुपारी लागल्या. एक मोठं गोदाम. हिरोच्या बहिणीला गुंडांनी पळवून आणून खुर्चीला बांधलेलं. गुंडांचा मालक टेबलाशी बसून सफरचंद कापून खातोय. भोवती वीस-पंचवीस माणसं, हातात सळया. एकाजवळ बंदूक. हिरो मोटरसायकल घेऊन येतो आणि पत्र्याचं दार फोडून आत शिरतो. एकटा.

मावशीचा हात थांबला. बहीण आत आहे हे त्याला माहीत होतं का, तिने विचारलं. माहीत होतं. मग दाराच्या मागेच तिची खुर्ची असती तर? मी म्हटलं, त्याला राग आला असेल. मावशी म्हणाली, राग आलेला माणूस दार फोडते हे खरं, पण ज्याला बहिणीची काळजी आहे तो आधी फटीतून डोकावते. हा बहिणीपायी आला का दारापायी?

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती खरंच विचारत होती.

पुढे बंदूकवाला चालत चालत हिरोजवळ गेला आणि त्याच्या छातीला बंदूक लावली. हिरोने त्याचा हात पिरगाळला आणि बंदूक गेली. हे सांगितल्यावर मावशीने सूपच बाजूला ठेवलं.

"गोफण घेऊन कोणी पाखराच्या जवळ जाते का व? दुरून मारायचं हाय त दूर राह्य ना बावा. जवळच जायचं होतं त विळा घ्यायचा."

नंतर ते वीस-पंचवीस जण एकेक करून हिरोच्या अंगावर गेले आणि एकेक करून पडले. बाकीचे गोल उभे राहून आपली पाळी येण्याची वाट बघत होते. मावशीने विचारलं, ही माणसं रोजाने आहेत का महिन्याने? मला ते सांगता येईना. पिक्चरमध्ये ते सांगत नाहीत. ती म्हणाली, रोजाने असोत की महिन्याने, दोघांची हाडं मोडलेली पाहून तिसरा जातोच कसा? मग तिने तिच्या टोळीची गोष्ट सांगितली. एकदा वेचणीच्या वेळी कपाशीच्या पऱ्हाटीत गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. दोघींना चावल्या, तशा बाकीच्या सगळ्या जणी कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडून धुऱ्यावर. शेताचा मालक ओरडून थकला, पण त्या दिवशी त्या तासाला कोणी गेलं नाही. त्या काही भित्र्या नव्हत्या, मावशी म्हणाली, त्यांना घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या. "अन् हे लेकाचे राशनच्या दुकानासारखी रांग लावून मार खाऊन राह्यले. याईच्या घरी कोणीच नाही का?"

सगळे मिळून एकदम का गेले नाहीत, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, जागा कमी पडली असेल. "गोदाम केवढं सांगितलं तू मघाशी?" ती म्हणाली. मी लय मोठं सांगितलं होतं.

शेवटी हिरोने बहिणीचे दोर सोडले आणि तो मालकाशी लढायला गेला. बहीण तिथेच उभी राहिली आणि भैया भैया ओरडत राहिली. दार तर फुटलेलं, उघडंच. मावशीने विचारलं, ती पोट्टी पळत का नाही?

तोपर्यंतच्या सगळ्या प्रश्नांना मी आपलं काहीतरी सुचेल ते बोलत होते. याचं उत्तर मला विचार न करता आलं. मी म्हटलं, "तिचे पाय चालत नसन."

"पायाले बांधलं हाय का?"

"नाही. पण जास्त भेव वाटलं की पाय चालत नाही, मावशी. दार दिसते, पण चालत नाही."

मावशीने माझ्याकडे तोंड केलं. मग सूप पुढ्यात घेतलं आणि हात पुन्हा चालू झाला. "हे पटलं," ती म्हणाली.

पहिल्याच फटक्यात तिला पटलेलं माझं हे एकच कारण.

तिचं एक म्हणणं होतं की बिनाकारण माणूस खाजवतसुद्धा नाही. कोणी काही केलं की त्याच्या मागे काहीतरी असतंच. ते सापडत नसेल तर एक तर सांगणाऱ्याने खोटं सांगितलं, नाही तर ऐकणाऱ्याने नीट विचारलं नाही. पिक्चर बनवणाऱ्यांवर तिचा राग नव्हता. ती म्हणायची, त्याईले घाई असन.

मी मात्र तिला खूश करायला हळूहळू पिक्चर दुरुस्त करू लागले. तिसरा गुंड मार खायला का गेला, तर म्हणे पहिला पडलेला त्याचा सख्खा भाऊ होता. मालकाने हिरोला लगेच का मारलं नाही, तर म्हणे त्याला हिरोकडून एक कागद पाहिजे होता. मावशीचा हात न थांबता चालू राहायचा आणि मला फार बरं वाटायचं. असं आठवडाभर चाललं. एक दिवस तिने शांतपणे विचारलं की हे गुंड सगळे एकमेकांचे भाऊच कसे निघतात, एकाच मायचे वीस पोट्टे आहेत का? मग म्हणाली, "तू पिक्चर सांगून राह्यली का बनवून राह्यली?"

मला वाटलं आता ती मला येऊ नको म्हणेल. तिने चहा ठेवायला सांगितला. म्हणाली, तुझे पिक्चर त्यांच्यापेक्षा बरे आहेत, पण आधी त्यांचा सांगत जा आणि मग तुझा. दोन्ही एकात मिसळू नको. त्या दिवसापासून आम्ही तसंच करू लागलो. आधी टीव्हीतला, मग माझा. मी एवढं बोलू शकते हे मला तिच्या घरीच कळलं.

सासूबाईंना मी रोज बौद्धांच्या घरी बसते हे आवडत नव्हतं. तिथे काय करते, असं विचारत. मी म्हणायची, पिक्चर. ते खरंच होतं.

मावशीच्या त्या विचारण्यामुळे ती कोणाला पकडायला बसलेली पोलीसबाई वाटेल, पण तसं नव्हतं. तिच्या टोळीत एक नवीन बाई आली होती. रोज मधेच तास सोडून कुठेतरी जायची आणि अर्ध्या घटकेने परत यायची. कामचोर आहे, झाडाखाली झोपते, असं बाकीच्या म्हणत. मालकानेही तिला काढून टाकायला सांगितलं. मावशी एक दिवस तिच्या मागे गेली. शेजारच्या शेतात मोहाच्या झाडाला तिने लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत दोन महिन्यांचं पोर होतं. मालकाने लेकरं आणायची नाहीत म्हटलं होतं, म्हणून तिने हद्दीच्या पलीकडे ठेवलं होतं. मावशी तशीच परत आली. तिला काही बोलली नाही, मालकालाही नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने त्या बाईला मोहाच्या बाजूचा शेवटचा तास दिला, म्हणजे तास संपला की पोर समोर. ही गोष्ट तिने मला सहज सांगितली, कोणत्यातरी गुंडावर बोलता बोलता.

आता माझी गोष्ट. ती लिहायला बसले म्हणूनच हे सगळं आठवलं.

दोन वर्षांपूर्वी, पोळा होऊन गेल्यावर, कपाशीवर फवारणी जोरात चालू होती. एका सोमवारी मी शाळेत पस्तीस पोरांची खिचडी शिजवली आणि एकालाही वाढली नाही. सगळा गंज, खिचडीचं ते मोठं पातेलं, शाळेमागच्या खड्ड्यात उलटा केला. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती ती उपाशी घरी गेली. हेडमास्तर मारेगावला मीटिंगला गेले होते. दुसऱ्या वर्गावरच्या बाई धावत आल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, करपली.

संध्याकाळी चार-पाच घरचे लोक शाळा समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी गुरुवारी सभा बोलावली. खिचडी करपवते आणि पोरं उपाशी ठेवते अशी बाई कामावर कशाला ठेवायची, असं ठरायचं होतं. ते काम गेलं असतं तर मला घराबाहेर पडायला दुसरं कारण उरलं नसतं. आणि गावात नाव खराब झालं असतं ते वेगळंच.

मंगळवारी मी मावशीकडे गेले. टीव्ही लावला नाही. तिने आधीच सगळं ऐकलं होतं, पोरांकडून. मीही तिला तेच सांगितलं, करपली.

तिचा हात थांबला.

"करपलेली खिचडी वरवरची काढून वाढते मानूस," ती म्हणाली. "फार झालं त ढोराईले टाकते. तू खड्ड्यात टाकली. वरून माती लोटली. कुत्रं आलतं त त्याले गोटा मारून हाकललं, पोट्टे सांगत होते. करपलेल्या खिचडीले माती काहून लोटली?"

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, टीव्हीतला झाला, आता खरा सांग.

मी सांगितलं. गंजावरचं झाकण काढलं तेव्हा वाफेला फवारणीच्या औषधाचा वास आला. कपाशीच्या गावात तो वास कोणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. मी तांदूळ ज्या बकेटीत भिजवले होते त्या बकेटीत कोणीतरी औषध कालवलं होतं. लेकरांच्या ताटल्या समोर होत्या. मी विस्तव ओढला आणि गंज उचलला.

मावशीचा हात अजून चालू झाला नव्हता. शाळेची बकेट खोलीत कुलपात असते, ती म्हणाली. किल्ली तुझ्याजवळ असते. बकेट बाहेर चालत गेली का?

हेच मला कोणाला सांगायचं नव्हतं. रविवारी सकाळी दिलीप आमच्या अंगणात आला होता. तो अध्यक्षांचा धाकटा भाऊ. त्यांच्याकडची औषध कालवायची टाकी फुटली होती. शाळेची बकेट दे, संध्याकाळी आणून ठेवतो, म्हणाला. आमच्याकडे शाळेची वस्तू अशीच जायची. सतरंजी लग्नाला, पातेलं तेरवीला. पण औषधाला द्यायची नसते हे मला कळत होतं. माणूस अंगणात उभा राहून मागत होता आणि माझ्या तोंडातून 'नाही' निघेना. मी खाली बघितलं आणि किल्ली आणून दिली. संध्याकाळी त्याने बकेट धुऊन शाळेच्या ओट्यावर ठेवली आणि किल्ली आणून दिली. सोमवारी मीही राखेने घासली. मला वाटलं, झाली स्वच्छ.

खरं सांगितलं तर आधी माझीच चूक बाहेर येणार होती, आणि मग अध्यक्षांच्या भावाचं नाव. म्हणून मी करपली म्हटलं.

मी विचारलं, आता अध्यक्ष मला ठेवतील का? मावशी म्हणाली, अध्यक्ष त्याच्या जागी बरोबर आहे. पस्तीस पोट्टे उपाशी घरी गेले, तो काय तुझी आरती करेल? त्याला जे सांगितलं त्यावर तो चालतोय, आणि सांगणारी तू आहेस. दिलीपही काही पिक्चरमधला गुंड नाही. त्याला टाकी पाहिजे होती, त्याने बकेट मागितली, धुऊन आणून दिली, त्याच्या मनाने त्याचं काम झालं. तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. आता गोष्टीत कुठे भोक नाही, म्हणाली, गुरुवारी हीच सांग.

मी म्हटलं, मला नाही जमणार. ती सरकी काढत राहिली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर वर्गात सभा झाली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. मावशी कुंपण चाचपत आली आणि दाराशी बसली. तिचं शाळेत कोणी शिकत नव्हतं, पण तिला कोणी का आली म्हणून विचारलं नाही. अध्यक्षांनी लोकांचं सांगितलं, बाईंनी पाहिलेलं सांगितलं. मग मला म्हणाले, बोला, काय म्हणायचं आहे. मी उभी राहिले. सगळे दिसत होते. दिलीप खिडकीला टेकून उभा होता, मोबाईल बघत. मला एक शब्द फुटेना. अध्यक्षांनी थोडं थांबून पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तेव्हा दारातून आवाज आला.

"सांग व कांता. पहिले कोण कोठी उभं होतं ते सांग."

मी दाराकडे तोंड केलं. सभेला नाही सांगितलं मी, तिला सांगितलं. म्हटलं, चुलीजवळ मी. ओट्यावर बाई, दुसरीचं पुस्तक घेऊन. पोरं व्हरांड्यात ओळीत, भिंतीला पाठ लावून. पहिला गोलू, कारण तो रोज पहिला बसतो. त्याच्या बाजूला संघर्ष. मग गोलूची बहीण. मग परी, तिची ताटली नवीन होती, ती चमच्याने वाजवत होती. गंजापासून ते चौघं सगळ्यात जवळ. वाढणी त्यांच्यापासूनच सुरू होते.

परी दिलीपची मुलगी. मी तिचं नाव काही ठरवून घेतलं नव्हतं. ती तिथे बसली होती म्हणून आलं. पण खिडकीजवळ मोबाईल खाली झाला हे मला दिसलं.

पुढचंही सांगितलं. वाफ, वास, माती, कुत्रं. कुत्र्याला दगड का मारला तेही. मग रविवार सांगितला. माझ्याकडे बकेट मागितली आणि मी दिली. कोणी मागितली ते मी म्हटलं नाही, तिथे माझा आवाज पुन्हा गेला. पण मी का दिली ते सांगितलं. म्हटलं, मले 'नाही' म्हणता येत नाही.

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला दिली?

"मी नेलती," दिलीप म्हणाला. तो अजून खिडकीजवळच होता. भावाकडे बघत नव्हता, व्हरांड्यात जिथे पोरं बसतात तिकडे बघत होता. "मी धुतलती, भाऊ. दोनदा धुतलती."

 अध्यक्षांनी ती बकेट आणायला सांगितली, नाकाशी नेली आणि बाहेर नेऊन स्वतः दगडाने फोडली. माझं काम राहिलं. हेडमास्तर मला सगळ्यांसमोर खूप बोलले, किल्ली दिली म्हणून आणि खोटं सांगितलं म्हणून. ते बरोबरच होतं. तेव्हापासून शाळेची वस्तू गावात जात नाही. कोणी आलं तर मी नाही म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दार लावून आत येऊन बसले होते, आता उभ्यानेच म्हणते.

सभेतून मावशीला घरी सोडताना मला वाटलं, ती काही शाबासकीचं बोलेल. ती म्हणाली, एवढी मोठी सभा झाली आणि कोणी चहा पाजला नाही. मग दारात पोचल्यावर म्हणाली, परीची ताटली नवीन होती ते मला माहीत नव्हतं.

पुढच्या सणाला सासूबाईंनी पुरणाच्या चार पोळ्या कापडात बांधून माझ्या हातात दिल्या. कोणाच्या घरी न्यायच्या ते सांगितलं नाही. मी नेल्या.

मावशीचं आणि माझं नातं काही नव्हतं. तिने मला अक्षर शिकवलं नाही की एखादं काम दाखवलं नाही. ती मला विचारायची आणि मी सांगेपर्यंत थांबायची, एवढंच. मी काही सांगेपर्यंत कोणी थांबावं असं मला तोवर कधी मिळालं नव्हतं. मारामारीचे पिक्चर अजूनही दुपारी लागतात. आमच्या घरी ते बघताना सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मावशी उंबऱ्याला अडखळून पडली. हात मोडला नाही, पण मिलिंद घाबरला आणि तिला राजूरला न्यायला जीप घेऊन आला. त्याला त्याच दिवशी ड्युटीवर परतायचं होतं. तो टीव्ही गोधडीत गुंडाळत होता. ड्रायव्हर होता, शेजारचे तीन-चार पुरुष होते. मी पुढे गेले आणि त्याला म्हटलं, "मिलिंदभाऊ, टीव्ही लावून देऊन निघून जायचं नाही. घरचं कोणीतरी बाजूले बसून सांगत जा. अन् खोटं सांगू नका, तिले समजते."

त्याने माझा आवाज आधी कधी ऐकला नव्हता बहुतेक. गोधडी हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, हो वहिनी.

या थंडीत ती तिकडेच वारली. मिलिंदचा फोन आला तेव्हा पोरं ओळीत बसली होती. मी आधी सगळ्यांना वाढलं. मला तिकडे जाता आलं नाही, म्हणून माझ्याजवळ आहे ती जीपमधलीच मावशी.

पुढच्या सीटवर तिला बसवलं, दार लावलं, जीप सुरू झाली. मी ड्रायव्हरच्या बाजूला उभी होते. मावशीने पलीकडच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि रिकाम्या अंगणाकडे तोंड करून हलवायला लागली. मी तिथे उभी आहे असं तिला वाटलं. ड्रायव्हर तिला सांगायला वळला, आजी, इकडे. मी त्याला खुणेने थांबवलं आणि जीपला मागून वळसा घालून धावत गेले. ती जिकडे बघत होती तिथे जाऊन उभी राहिले.